भीमाचे हात

गुरुवार, रात्री

आज तासाला अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ वाचून संपली. सोमवारी ट्युटोरियल द्यायचंय. कथानक, पात्रचित्रण, वातावरणनिर्मिती, भाषाशैली, निवेदन हे मथळे ठरलेलेच. कथा त्यांत बसतेही. पण अशी कापून ठेवली की तिच्यातला जीव कुठल्या खणात शोधायचा, हा प्रश्न मला दर वेळी पडतो.

भीमा वारणेकाठचा पैलवान गडी. मुंबईत दगडाच्या खाणीवर कामाला. खाण बंद पडते आणि घरी चूल कशी पेटायची, असा पेच. मग स्मशानातल्या राखेत सोनं हाती लागतं आणि तेच त्याचं काम होतं: रात्री मढी उकरायची. शेवटी एका श्रीमंताचं प्रेत. तिथे त्याआधीच कोल्ह्यांची टोळी. झुंज जुंपते. इथे वाक्यं धावायला लागतात, वाचताना आपणही दम खातो. भीमा जिंकतो. मग जबड्यात पहार घालून तोंड उघडतो, आत बोटं घालतो, पहार निघते आणि बोटं प्रेताच्या दातांत अडकतात. जिवंत कोल्ह्यांना पुरून उरलेला हा माणूस एका मेलेल्या जबड्यापुढे हरतो. बोटं कापावी लागतात. आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते.

वर्गात एक मैत्रीण म्हणाली, हे धक्कातंत्र आहे. मला अजिबात पटलं नाही. धक्कातंत्रात लेखक काहीतरी लपवून ठेवतो. इथे खाण सुरुवातीपासून डोळ्यांसमोर आहे. कोल्ह्यांच्या गदारोळात आपणच ती विसरतो. ती बंद होते, सुरू होते, भीमाच्या हातात त्यातलं काहीच नाही. दगड फोडणारी बोटं गेल्यावर काम परत येतं. सामाजिक आशय म्हणतात तो मला या घटनाक्रमात दिसतो. ‘गरिबीचे विदारक चित्रण’ एवढं लिहून उत्तर संपवणं म्हणजे कथेवर अन्याय आहे.

लेखकाचं चरित्र आधी सांगावं का, यावरही वाद झाला. वाटेगावाहून मुंबईला चालत आलेला, जेमतेम दीड दिवस शाळेत गेलेला माणूस हे लिहितो, हे कळल्यावर ऊर भरून येतोच. तरी मला वाटतं, चरित्र नंतर यावं. आधी आलं तर आपण कथेला त्याचा पुरावा म्हणून वाचतो आणि रचनेतलं कसब नजरेतून निसटतं.

ट्युटोरियलची सुरुवात मी शेवटच्या प्रसंगापासून करणार आहे आणि मागे मागे जाणार आहे, हाताच्या मागावर. भीमाच्या बायकोला त्याचं हे काम पसंत नाही, तिला भीती वाटते. तिच्याबद्दल आज वर्गात कुणी बोललंच नाही. उद्या तिचे प्रसंग पुन्हा वाचायचे आहेत, पेन्सिल घेऊन.