पहिला सीटी स्कॅन नॉर्मल होता

खडकवासल्याहून परतताना खडीवर सायकल घसरली आणि डोक्याची डावी बाजू हेल्मेटसकट रस्त्यावर आपटली. शुद्ध गेली नाही. सीटी नॉर्मल, कोपराला तीन टाके, संध्याकाळी घरी. माझं वय 63, हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन रोज चालू. हे कॅज्युअल्टीत कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तुम्ही आवर्जून सांगा.

महिनाभर काही नाही. मग सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखायला लागलं. एक दिवस भाजी घेऊन आलो तर बायको दारातच म्हणाली, "अहो, उजव्या पायातली चप्पल कुठंय?" चप्पल कोपऱ्यावरच राहिली होती. पायातून कधी निसटली, मला पत्ताच नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याच हॉस्पिटलची ओपीडी गाठली. साडेतीन तास बसलो. डॉक्टरांनी फाइल उघडली, जुना रिपोर्ट वाचला, म्हणाले, "सीटी तर नॉर्मल आहे काका. मानेचं असेल." चक्करच्या गोळ्या आणि मानेचा एक्स-रे. दोन दिवसांनी पेन धरता येईना म्हणून परत गेलो. पुन्हा केसपेपर, पुन्हा रांग, पुन्हा तेच पान उघडलं. पुढची अपॉइंटमेंट आठ दिवसांनी! मी उठायलाच लागलो होतो. बायको मात्र खुर्चीवरून हलली नाही. "हा रिपोर्ट 36 दिवसांपूर्वीचा आहे. त्यानंतर यांच्या डोक्यात काय झालं, ते यात कसं दिसणार?" तेव्हा कुठे चिठ्ठी मिळाली. स्कॅनला दहा मिनिटंही लागली नाहीत. त्या दहा मिनिटांसाठी आम्ही तीन दिवस घालवले, याचा राग अजून जात नाही.

स्कॅनमध्ये निघालं क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा, म्हणजे मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू साठलेलं जुनं रक्त. वयाबरोबर मेंदू थोडा आकसतो, त्याच्या आणि आवरणाच्या मधल्या बारीक शिरा ताणल्या जातात. एखादी फाटली की रक्त हळूहळू साठत राहतं, आठवडेच्या आठवडे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर धोका जास्त. पहिल्या दिवशीच्या स्कॅनमध्ये काहीच दिसलं नाही, असं होऊ शकतं.

त्याच रात्री कवटीला दोन भोकं पाडून ते काढलं. सर्जन म्हणाले, जुन्या इंजिन ऑइलसारखं काळं होतं. सकाळी उजव्या हाताने चहाचा कप उचलला आणि बायको रडायला लागली.

खरं तर मी ओपीडीत जायलाच नको होतं. एका बाजूचा हात-पाय ढिला पडला, बोलणं अडखळलं, उलट्या झाल्या किंवा सारखी झोप यायला लागली तर थेट कॅज्युअल्टीत जा आणि आधी अपघाताची तारीख सांगा. अ‍ॅस्पिरिन मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. आणि हो, पहिल्याच दिवशी एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची अपघाताची नोंद) झाली का ते बघा. मेडिक्लेमवाल्यांनी आमच्याकडे तोच कागद मागितला.

हे पुन्हा साठू शकतं, म्हणून पुढच्या महिन्यात परत स्कॅन आहे. तोवर सायकल गॅलरीतच.