आमची वाटचाल: रबाळ्याचा गाळा आणि उघडा कोड

रबाळे एमआयडीसीत आमचा गाळा आहे. लाकूड, एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाचा बोर्ड), अॅक्रिलिक कापणारी छोटी सीएनसी राउटर मशीनं, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर फिरणारी कटर मशीनं, आम्ही बनवतो. सुरुवात मात्र दुरुस्तीपासून झाली. वागळे इस्टेट, तुर्भे, महापे इथल्या साइनबोर्डवाल्यांकडे आयात केलेली मशीनं असायची. फ्रेम ठणठणीत, मोटर उत्तम, पण कंट्रोल कार्ड गेलं की मशीन कोपऱ्यात. कार्डातला प्रोग्रॅम कुलूपबंद आणि विकणारा फोन उचलत नाही. दुसरा प्रकार पॅरलल पोर्टवाला, म्हणजे कॉम्प्युटरच्या जुन्या प्रिंटर पोर्टमधून चालणारा: विंडोजचं सॉफ्टवेअर, तेही बहुतेकदा क्रॅक केलेलं, आणि त्याच्यासाठी जिवापाड जपलेला एक जुना डेस्कटॉप. तो मेला की काम ठप्प.

स्वतःचं मशीन काढायचं ठरलं तेव्हा धाकट्या भावाने एकच अट घातली. आत काय चाललंय ते आपल्याला वाचता आलं पाहिजे.

म्हणून जीआरबीएल, म्हणजे बोर्डात बसून मशीन चालवणारा, उघड्या कोडचा प्रोग्रॅम (फर्मवेअर). नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरूड यांनी २००९ मध्ये हे फर्मवेअर लिहिलं आणि पुढे सनी जिऑन यांनी ते वाढवलं. आर्डुइनो उनो या छोट्या तयार बोर्डवरच्या ३२ किलोबाइटच्या चिपमध्ये अख्खं मावतं. पुढच्या हालचाली आधीच वाचून कोपऱ्यावर वेग किती कमी करायचा हे ते स्वतः ठरवतं, आणि सेकंदाला जास्तीत जास्त ३०,००० पल्स (मोटरला एकेक पाऊल टाकायला लावणारे सिग्नल) देतं. हा आकडा ऐकून गिऱ्हाईक विचारतं, पुरेल का? हिशोब सोपा आहे. स्टेपर मोटरला एका फेऱ्यात २०० स्टेप, मोटर चालवणारा ड्रायव्हर प्रत्येक स्टेपचे आठ भाग (मायक्रोस्टेप) करतो, म्हणजे १,६०० पल्स. बॉलस्क्रूचा पिच ५ मिमी, म्हणजे स्क्रूच्या एका फेऱ्यात मशीन ५ मिमी सरकतं, म्हणजे मिलिमीटरला ३२०. तीस हजारांना ३२० ने भागा: सेकंदाला ९३ मिमी, मिनिटाला साडेपाच मीटरच्या वर. आमच्या छोट्या फ्रेमवर एमडीएफ कापताना याच्या निम्म्यावरही जायची वेळ येत नाही. फर्मवेअर निवडताना लोक चिपचा वेग आधी बघतात. मी आधी बघतो की बोर्ड जळला तर गिऱ्हाइकाला दुसरा कुठे मिळेल. उनो लॅमिंग्टन रोडला कुठल्याही दुकानात मिळतो.

पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला आम्ही एक कागद चिकटवतो. त्यावर त्या मशीनच्या सगळ्या सेटिंग छापलेल्या असतात: $१०० म्हणजे मिलिमीटरला किती स्टेप, $११० म्हणजे कमाल वेग, $१२० म्हणजे प्रवेग, अशी सगळी यादी. बोर्ड बदलला की तेवढे आकडे टाइप करायचे, मशीन सुरू. आमच्या सर्व्हिसचं अर्धं काम तो कागदच करतो.

२०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि आमचं गिऱ्हाईक बदललं. मखरवाले एमडीएफ आणि प्लायकडे वळले. श्रावण लागला की मशीन दिवसरात्र चालणार, आणि बंद पडलं तर नेमकं तेव्हाच पडणार. कळव्याच्या एका मखरवाल्याचा रात्री फोन आला, ‘दादा, कमान अर्ध्यात थांबलीय. अलार्म १ दाखवतंय.’ अलार्म १ म्हणजे लिमिट स्विच, म्हणजे टोकाला गेलेलं मशीन थांबवणारा स्विच, दाबला गेला. स्विचजवळ तर काहीच नव्हतं. जाऊन बघितलं, तर नवीन इलेक्ट्रिशियनने व्हीएफडीकडून (वेग बदलणाऱ्या ड्राइव्हकडून) स्पिंडलला, म्हणजे कटर फिरवणाऱ्या मोटरला, जाणारी केबल आणि लिमिटच्या वायरी एकाच पट्टीत, एकाच टायने आवळल्या होत्या. स्पिंडल २४,००० आरपीएमवर गेलं की त्या वायरींत खोटे सिग्नल उठायचे आणि मशीन इमानदारीत थांबायचं.

गंमत म्हणजे यावरचा उतारा कोडमध्येच लिहून ठेवलेला आहे. जीआरबीएलच्या कॉन्फिग फाइलमध्ये डिबाउन्सच्या (स्विचचा सिग्नल क्षणभराने पुन्हा तपासण्याच्या) पर्यायाशेजारी टीप आहे: बाहेरून येणारा विजेचा गोंधळ या पर्यायाने जाणार नाही, आधी शील्डेड केबल (वायरींभोवती धातूचं कवच असलेली) वापरा, जुन्या कॉम्प्युटर केबलही चालतील, आणि प्रत्येक लिमिट पिनला फिल्टर लावा. मखरवाल्याच्याच माळ्यावर प्रिंटरची जुनी केबल पडली होती. तिचं शील्ड एका टोकाला अर्थिंगला जोडलं, पट्ट्या वेगळ्या केल्या, स्विच एनसी पद्धतीने (एरवी जोडलेले, दाबल्यावर तुटणारे) जोडले आणि त्यासाठी $५ ही सेटिंग उलटी केली. बंद कार्डाच्या माहितीपुस्तिकेत अशी टीप मी कधी पाहिली नाही.

मखरवाल्यांना मोठा बेड लागतो, म्हणजे गॅन्ट्रीला (कटर वाहणाऱ्या आडव्या पुलाला) दोन्ही बाजूंनी मोटर, आणि होमिंगला, म्हणजे सुरुवातीच्या जागेवर येताना, ती काटकोनात यायला हवी. जीआरबीएलच्या नंतरच्या आवृत्तीत ही सोय आहे, पण त्यासाठी कोड पुन्हा कंपाइल करावा लागतो. तिथे आम्ही ईएसपी३२ या दुसऱ्या चिपवरच्या फ्लुइडएनसी या फर्मवेअरकडे गेलो. बार्ट ड्रिंग आणि मिच ब्रॅडली यांचं हे काम. कुठली मोटर कुठल्या पिनवर, कुठला स्विच कोणाचा, सगळं एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, कंपाइलची भानगड नाही. फक्त त्या फाइलमध्ये एक स्पेस इकडची तिकडे झाली तर मशीन रुसून बसतं. शिवाय ईएसपी३२ चा सिग्नल ३.३ व्होल्टचा आणि आमच्या ड्रायव्हरला ५ लागतात. मध्ये ७४एचसीटी२४५ ही सिग्नल ५ व्होल्टला चढवणारी बफर चिप घातल्याशिवाय आम्ही मशीन गाळ्याबाहेर काढत नाही. स्टेप हुकतात त्या अशाच ठिकाणी, आणि दोष मात्र फर्मवेअरला लागतो.

जुनं लेथ सीएनसी करून मागणारेही येतात. आटे पाडायचे तर स्पिंडलच्या एन्कोडरशी (स्पिंडल किती फिरलं ते मोजणाऱ्या सेन्सरशी) ताळमेळ हवा. तिथे उनोचा हट्ट धरण्यात अर्थ नाही, आम्ही पीसीवर चालणारं लिनक्ससीएनसी घालतो. त्याचं मूळ अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेतलं. पीसी निवडताना मात्र लेटन्सी टेस्ट, म्हणजे पीसी वेळेवर सिग्नल देतो की उशीर लावतो याची चाचणी, चालवून बघतो. नवा, महागडा पीसी त्यात नापास आणि भंगारातला पास, असं होतं.

जीपीएल या उघड्या कोडच्या परवान्याप्रमाणे मशीनसोबत सोर्स कोड द्यावा लागतो. आम्ही तो पेनड्राइव्हवर देतो, आमच्या कॉन्फिगसकट. ‘अहो, कॉपी करतील ना!’ शेजारच्या गाळेवाल्याचं हे पालुपद. केलीच. एका फॅब्रिकेशनवाल्या गिऱ्हाइकाने दुसरं मशीन स्वतः उभं केलं, बोर्ड तेवढा आमच्याकडून नेला. भाऊ बघून आला आणि म्हणाला, गॅन्ट्रीचं वेल्डिंग आपल्यापेक्षा सरस आहे. आता आमच्या मोठ्या बेडच्या फ्रेम त्याच्याकडेच करायला देतो. दर थोडा जास्त घेतो.