तुम्ही विचारलेत म्हणून: आधी पुस्तक की आधी चित्रपट?

एकमेकांची ख्यालीखुशाली विचारून झाली की परिचितांपैकी कोणी ना कोणी मला हमखास विचारते, की हल्ली काय वाचता, काय पाहता, आणि कादंबरीवरून केलेला चित्रपट पाहायचा असेल तर आधी कादंबरी वाचावी की आधी चित्रपट पाहावा. दोन वर्षांपूर्वी मी या प्रश्नाला केवळ माझ्या आवडीचे उत्तर दिले असते. आता ते उत्तर आईच्या डोळ्यांशी जोडले गेले आहे, म्हणून जरा सविस्तर देते.

आईच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचा मध्यभाग वयोमानाने झिजला आहे. डॉक्टर त्याला मॅक्युलर डिजनरेशन म्हणतात. या विकारात ज्याच्याकडे नेमके पाहावे तेच पुसट होते आणि कडेचे मात्र दिसत राहते. त्यामुळे आई घरात न अडखळता वावरते, दारात कोणी आले तर तिला कळते, पण आलेल्याचा चेहरा दिसत नाही आणि छापील ओळ तर मुळीच दिसत नाही. जन्मभर वाचत आलेल्या बाईची ही अडचण किती मोठी आहे, हे मी जवळून पाहते. म्हणून रोज संध्याकाळी तासभर मी तिला मोठ्याने वाचून दाखवते. माझे हल्लीचे बहुतेक वाचन ते हेच.

मोठ्याने वाचू लागल्यावर मला माझीच एक सवय उमगली. मनातल्या मनात वाचताना मी वर्णनांचे परिच्छेद नजरेखालून घालत संवादांकडे धावत असे. आवाजाला तसे धावता येत नाही. पहिले पुस्तक आईने निवडले, ‘श्यामची आई’. ते साने गुरुजींनी 42 रात्रींत विभागलेले आहे, आणि आम्हीही एका संध्याकाळी एकच रात्र वाचायची असे ठरवले. दोन-तीन दिवस खंड पडला, तरी दीड महिन्यात पुस्तक झाले. त्यानंतर अत्र्यांचा 1953 सालचा चित्रपट लावला, तेव्हा जी माणसे दीड महिना रोज घरी येत होती ती एका बैठकीत येऊन गेल्यासारखे आम्हा दोघींना वाटले. चित्रपटाचा त्यात दोष नाही. वाचनाने आमच्या दिवसांत जी जागा व्यापली होती, ती दोन-तीन तासांच्या कोणत्याच कलाकृतीला व्यापता आली नसती.

त्यापुढचे पुस्तक ‘पथेर पांचाली’. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची कादंबरी 1929 सालची, आणि सत्यजित राय यांचा चित्रपट 1955 सालचा. चित्रपट बंगालीत असल्यामुळे सबटायटल्स पाहून मला आईला मराठीत सांगावे लागणार होते, आणि सारखे बोलत राहिले तर रविशंकर यांचे संगीत तिला ऐकू येणार नव्हते. म्हणून आधी मराठी अनुवाद पूर्ण वाचायचा आणि मग चित्रपट लावायचा, असे ठरले. हा क्रम केवळ सोय म्हणून आला, पण त्यातून मला जे दिसले ते एरवी दिसले नसते.

कादंबरीत इंदिर ठाकरुण ही म्हातारी आरंभीच्या भागातच मरते. राय यांनी तिला बराच काळ जिवंत ठेवले आहे. चित्रपटात तिचा आवाज पुन्हा पुन्हा येऊ लागला, तेव्हा आईला फार आनंद झाला. आगगाडीच्या प्रसंगात मात्र ती अस्वस्थ झाली. कादंबरीतल्या दुर्गाला आगगाडी शेवटपर्यंत दिसत नाही. आजारपणात ती भावाला म्हणते की बरी झाल्यावर मला आगगाडी दाखव, आणि ते राहूनच जाते. चित्रपटात दुर्गा आणि तिचा भाऊ अपू कास नावाच्या उंच गवताच्या पांढऱ्या तुऱ्यांमधून गाडीच्या दिशेने धावतात. दुर्गा वाटेत पडते आणि अपू एकटाच रुळांपर्यंत पोचतो, हे मी सांगितले, तेव्हा आई म्हणाली, “म्हणजे इथेही तिचं राहिलंच.” मी हा चित्रपट याआधी दोनदा पाहिला होता, पण त्या पडण्याचा असा अर्थ माझ्या मनात आला नव्हता.

दुर्गाने चोरलेली वस्तू अपूला तिच्या मृत्यूनंतर सापडते, तो प्रसंगही दोन्हींत वेगळा आहे. कादंबरीत ती सोन्याची कुंकवाची डबी आहे आणि अपू ती बांबूच्या बेटात भिरकावतो. चित्रपटात ती मण्यांची माळ होते आणि तळ्यात पडते. पाण्यावरचे शेवाळ क्षणभर दुभंगते आणि हळूहळू पुन्हा मिटते. हे मिटणे आईला कसे सांगावे, ते मला आजही नीट जमलेले नाही. केवळ डोळ्यांसाठी असलेली अशी जागा आली की मला तिच्यासाठी फार वाईट वाटते.

पण हरिहर परततो, तो प्रसंग मला सांगावाच लागला नाही. लेक गेल्याचे ठाऊक नसलेला बाप तिच्यासाठी आणलेली साडी पुढे करतो, आणि दुर्गाची आई सर्वजया कोसळते. तिचा हंबरडा राय यांनी ऐकू येऊ दिलेला नाही. त्याच्या जागी तारशहनाई या तंतुवाद्याचा आर्त स्वर आहे. मी सांगण्यासाठी तोंड उघडले, तोच आईने माझा हात दाबून मला गप्प केले. कथा तिला ठाऊक होती, त्यामुळे चेहरा न दिसताही तिचे काहीच अडले नाही.

तेव्हा आईसाठी तरी आधी पुस्तक, हे माझे उत्तर आहे. माझ्यापुरता मात्र मी याच्या उलट क्रमही ठेवते. जपानी दिग्दर्शक कुरोसावा यांचा ‘राशोमोन’ (1950) मी आधी पाहिला आणि तो ज्या कथेवर बेतला आहे ती अकुतागावा यांची 1922 सालची ‘झाडीत’ या अर्थाच्या नावाची कथा मागाहून वाचली. कथेत एका माणसाच्या मृत्यूविषयीच्या फक्त सात साक्षी आहेत आणि त्या संपल्या की कथाही संपते. चित्रपटाच्या शेवटी येणारे टाकून दिलेले तान्हे मूल तिच्यात नाहीच. आधी कथा वाचली असती, तर ते मूल मला कदाचित उपरे वाटले असते. आता ती कथा आईला वाचून दाखवायची आहे, आणि सात साक्षीदार तिला नावे न सांगता वेगळे ओळखू यावेत, म्हणून गेला आठवडाभर मी दुपारी त्यांचे आवाज बसवते आहे.