दुसऱ्या खुर्चीसाठी चॅपल हिलला

दादा मॉरिसव्हिलला राहतो. रॅली, डरहम आणि चॅपल हिल या तीन गावांच्या मधला हा पट्टा आपल्या लोकांनी भरलेला आहे. वहिनीला कढीपत्ता आणायला दहा मिनिटंही लागत नाहीत. 2019च्या जानेवारीत मी तिथे तीन आठवडे होते. वॉशिंग्टन झालं, न्यूयॉर्क झालं, थंडीने ओठ फुटले. ते सगळं फोनमध्ये आहे. लिहावंसं वाटतं ते एकाच संध्याकाळबद्दल.

मी नागपूरची. सिमेंटच्या कोर्टवर बास्केटबॉल खेळत मोठी झाले, तीन वर्षं विद्यापीठाच्या संघात होते. गुडघा गेल्यावर आमच्या सरांच्या हाताखाली शिकवायला लागले, त्याला तेव्हा अकरा वर्षं होत आली होती. सर मोठ्या मुलींना घेतात. माझ्याकडे चौदा वर्षांखालच्या, आणि त्यातही ज्यांची जिल्ह्याच्या संघात निवड होत नाही त्या. मावशीपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळे विचारतात, "अजून सरांच्याच हाताखाली का गं?" त्या वर्षी हा प्रश्न फार लागत होता. सरांना सांगून टाकायचं, असं जवळजवळ ठरवूनच मी विमानात बसले होते.

दादाने नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या सामन्याची दोन तिकिटं काढली होती. आम्ही दुपारीच निघालो, कारण सामना होता त्या डीन डोम या बंदिस्त स्टेडियमला लागून असलेलं बास्केटबॉलचं संग्रहालय मला बघायचं होतं. सगळी गर्दी मायकेल जॉर्डनच्या वस्तूंपुढे. तिथे एक पत्र आहे. जॉर्डनने शेजारच्या ड्यूक विद्यापीठाचा विचार सोडल्यावर तिथले तेव्हाचे तरुण कोच माइक शशेव्स्की यांनी त्याला शुभेच्छा देणारं लिहिलेलं. हातातून गेलेल्या मुलाला इतकं सरळ मनाने लिहिता येतं, हे मला फार आवडलं. मी ते दोनदा वाचलं.

मला मात्र बघायची होती ती सहायकांची जागा. इथले 2019मधले मुख्य कोच रॉय विल्यम्स 1978मध्ये त्या वेळचे मुख्य कोच डीन स्मिथ यांचे अर्धवेळ सहायक म्हणून आले, तेव्हा वर्षाचा पगार होता 2,700 डॉलर. घर चालावं म्हणून ते संघाची कॅलेंडरं विकत फिरायचे, आणि रविवारी पहाटे डीन स्मिथ यांच्या टीव्ही कार्यक्रमाच्या टेप गाडीतून गावोगावच्या केंद्रांवर पोचवायचे. त्याआधी ते एका शाळेत मुख्य कोच होते. ती खुर्ची सोडून ते इथे हाताखाली आले होते. दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आपल्याकडे घरचे येऊ देते का असं?" मी काही बोलले नाही.

मुख्य सामन्याला अजून बराच वेळ होता, पण आम्ही आत शिरलो तेव्हा कोर्टवर खेळ चालू होता. निळ्याच निळ्या 21,750 खुर्च्या, आणि त्यात मोजून शंभर-दीडशे माणसं. बुटांची करकर थेट छतापर्यंत जात होती. हा होता ज्युनियर व्हर्सिटी संघ.

पूर्वी अमेरिकेत पहिल्या वर्षाच्या मुलांना कॉलेजच्या मुख्य संघात खेळायला परवानगी नव्हती, त्यांचे वेगळे संघ असत. 1972 मध्ये तो नियम गेला आणि बहुतेक कॉलेजांनी ते संघ मोडले. डीन स्मिथ यांनी ठेवला. यातल्या मुलांना शिष्यवृत्ती नसायची. साधे विद्यार्थी, चाचणी देऊन यायचे, फार तर दोन वर्षं खेळायचे. मग मुख्य संघाची चाचणी द्यायची, नाहीतर थांबायचं.

आणि त्यांच्या बाकापुढे उभे होते ह्युबर्ट डेव्हिस.

शाळेत असताना मी या माणसाचे आकडे वहीत लिहून ठेवले होते, म्हणून सांगते. काका वॉल्टर डेव्हिस याच विद्यापीठाचे मोठे खेळाडू. ह्युबर्ट सोळा वर्षांचे असताना आई कॅन्सरने गेली. हा मुलगा आपल्या संघात टिकेल का, याची खुद्द डीन स्मिथ यांना शंका होती. तोच मुलगा शेवटच्या वर्षी सामन्यामागे सरासरी 21 गुण काढत होता. 1992मध्ये न्यूयॉर्क निक्सने त्यांना घेतलं. पुढे एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये बारा मोसम, सहा संघ, आणि लांबून टाकलेल्या शंभरातले 44 चेंडू आत. 1994च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत, शिकागोविरुद्ध 2.1 सेकंद उरले असताना फाउल मिळाला, त्यांनी दोन्ही फ्री थ्रो टाकले आणि निक्स 87-86 जिंकले. नंतर काही वर्षं टीव्हीवर विश्लेषण. 2012मध्ये ते सगळं सोडून रॉय विल्यम्स यांचे सहायक.

तो माणूस माझ्यासमोर शंभर माणसांच्या सामन्यात उभा होता. एका बारीक, चष्मेवाल्या मुलाने सोपा ले-अप, म्हणजे बास्केटच्या अगदी जवळून टाकायचा चेंडू, चुकवला. माझ्या मुली चुकवतात तसाच, मान खाली घालून पळत. बाकावरून टाळ्या आल्या. आमच्या पुढच्या रांगेत एक बाई एकट्याच उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. त्याची आई असावी. मला एकदम दाटून आलं. दादा फोनमध्ये होता ते बरं झालं.

पुढचं आता सगळ्यांना ठाऊक आहे. एप्रिल 2021मध्ये डेव्हिस मुख्य कोच झाले आणि पहिल्याच वर्षी संघाला अंतिम सामन्यात घेऊन गेले. मध्यंतराला पंधरा गुणांची आघाडी होती, तरी कॅन्ससकडून 72-69 हरले. तो सामना मी नागपुरात सकाळी सातच्या सुमारास फोनवर बघत होते. मुली कोर्टवर वॉर्म-अप करून माझी वाट बघत होत्या. पण लोकांच्या लक्षात राहिलेले डेव्हिस ते. माझे त्या रिकाम्या हॉलमधले.

ज्युनियरांचा सामना संपला. कोण जिंकलं ते खरंच आठवत नाही. मग हळूहळू दारं भरायला लागली, बँड आला, निळे शर्ट आले, शेजारी पॉपकॉर्न सांडला, आणि तासाभरात दादाचा आवाजही ऐकू येईना. आमच्या जागा अगदी वर होत्या. सुरुवातीला चेहरे ओळखू येत नव्हते. रॉय विल्यम्स सापडले, कारण ते सारखे उठून उभे राहत होते.

त्यांच्यापासून मी खुर्च्या मोजायला लागले.

"काय शोधतेस?" दादाने कानाशी येऊन विचारलं.

"थांब," मी म्हटलं, "मिळाले. ते बघ, सरांच्या बाजूला."