ओटीवरचा पाहुणा

आमच्या घरात कुणी कुठवर यायचं हे ठरलेलं आहे. कुणी ठरवलं ते मला अठरा वर्षांत कळलेलं नाही. पंचायतीचा शिपाई खळ्यातूनच हाक मारतो, पायरी चढत नाही. पोस्टमन ओटीपर्यंत. मासेवाली मागीलदारी, तीही पाटी उतरवायचा दगड आहे तिथेच. पाहुणे माजघरापर्यंत. मी माप ओलांडून थेट आत आले खरी, पण ओटीवरच्या झोपाळ्यावर बसायला मला सहा वर्षं लागली. म्हणजे बसू नको असं कुणी म्हटलं नव्हतं. बसावंसं वाटत नव्हतं, एवढंच.

तीन वर्षांपूर्वी इंटरनेट आलं. विजेच्या खांबाखांबांवरून काळी तार टाकत दोन पोरगे आमच्या खळ्यापर्यंत पोचले आणि म्हणाले, डबा कुठे लावायचा? सासरे आरामखुर्चीत होते. अण्णांनी बसल्या जागेवरून ओटीच्या भिंतीतल्या कोनाड्याकडे बोट केलं. तिथे पूर्वी कंदील असे, मग टेलिफोन आला, आता हा. कुणी दुसरी जागा सुचवण्याचा प्रश्नच नव्हता. बाहेरून येणारी बातमी या घरात ओटीवरच उतरते.

आणि मे महिन्यात आला तो गेमचा कन्सोल. मुंबईच्या पुतण्याने नवा घेतला, जुना आमच्या लेकाला दिला. टॉवेलात गुंडाळून, खाजगी बसच्या ड्रायव्हरकडे, वर ‘जपून’ असं लिहून. टीव्ही आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत आहे. या खोलीत आता कुणी बाळंत होत नाही, सगळ्या दवाखान्यात जातात, पण नाव राहिलंय. घराच्या पोटातली खोली. तिला एक झरोका, बाकी चारी बाजूंनी भिंत. वारा लागू नये, दृष्ट लागू नये, ओरडणं बाहेर ऐकू जाऊ नये, अशा बेताने बांधलेली. ऊन येत नाही म्हणून टीव्ही तिथे ठेवला. कन्सोल टीव्हीखाली.

पहिल्याच संध्याकाळी लेक स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, “आई, सदतीस तास दाखवतोय.”

उतरवून घ्यायचा गेम होता ५० जीबीचा. मी हिशेबाला बसले, कारण सदतीस तास हा आकडा मला थापच वाटला. कन्सोलच्या सेटिंगमध्ये कनेक्शन तपासायची सोय असते. तिने सांगितलं ३ एमबीपीएस. आता ही एक गंमत ज्याला ठाऊक नाही तो कायम फसतो. वेग मोजतात बिटांत आणि गेमचं आकारमान सांगतात बाइटमध्ये. इंग्रजीत लिहिताना लहान बी म्हणजे बिट, मोठा बी म्हणजे बाइट, आणि आठ बिटांचा एक बाइट. जाहिरातीतल्या ४० एमबीपीएसचे प्रत्यक्षात सेकंदाला पाचच एमबी उतरतात. तरीही ४० च्या वेगाने हा गेम पावणेतीन तासांत आला असता. आणि ओटीवर, कोनाड्यासमोर उभं राहून मोबाइलवर पाहिलं, तर ३८ येत होते. म्हणजे खळ्यातून घरात येईपर्यंत सगळं ठीक होतं. पुढच्या तीस पावलांत पस्तीस गळाले.

मग उपचार सुरू झाले. पहिला उपचार सगळ्यांना ठाऊक असतो: राउटर, म्हणजे कोनाड्यातला तो डबा, बंद करा, दहा आकडे मोजा, चालू करा. हा उपाय नाही, हे गाऱ्हाणं आहे. बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान जो काय डाउनलोड लावलेलो आसा, तेच्यात काय वाकडा-नाकडा आसात ता दूर कर रे म्हाराजा. होय म्हाराजा! देव ऐकतो कधीकधी. आमच्या वेळी ३ चे साडेतीन झाले आणि अर्ध्या तासाने पुन्हा ३.

पुतण्याने फोनवरून सांगितलं, “काकी, डीएनएस बदल. आठ-आठ-आठ-आठ टाक.” टाकला. काही फरक पडला नाही, आणि नंतर विचार करता पडायचं कारणही दिसेना. डीएनएस म्हणजे एसटी स्टँडवर उतरून “अमक्याचं घर खंय आसा?” विचारणं. सांगणारा हुशार असला तर पत्ता लवकर कळतो, क्वचित जवळचं घरही दाखवतो. पण पत्ता कळल्यावर रस्ता तोच, खड्डे तेच, चालायचं आपणच. मग तो म्हणाला चॅनल बदल, एक, सहा नाहीतर अकरा. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात हे तीनच चॅनल एकमेकांच्या अंगावर येत नाहीत, तेव्हा सल्ला शास्त्रशुद्ध होता. फक्त तो मुंबईचा होता. त्याच्या मजल्यावर वीस राउटर एकाच वेळी बोलत असतात. आमच्या घरातून हवेत शोधलं तर एकच नाव दिसतं, आमचं. शेजारचं घर दोन कुणगे आणि एक वहाळ ओलांडून आहे. इथे हवेत गर्दी नव्हती. इथे मला दुसऱ्याच कुणाचा संशय होता.

एक गोष्ट मात्र पुतण्याची बरोबर निघाली. लेक एक गेम अर्धवट सोडून दुसरा उतरवायला लावत असे. मागे गेम उघडा असला की कन्सोल उतरवण्याचा वेग स्वतःहून आवळतो, खेळणाऱ्याला अडथळा नको म्हणून. मागचा गेम पूर्ण बंद केला आणि रात्री कन्सोल झोपेच्या अवस्थेत ठेवला, तर थोडी गती आली. थोडीच.

संशय होता तो भिंतीवर.

आमचं घर चिऱ्याचं. चिरा खाणीतून काढताना इतका मऊ असतो की कुऱ्हाडीने तासावा, आणि वारा लागला की कठीण होत जातो. फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या इंग्रजांच्या नोकरीतल्या एका डॉक्टरने मलबारात लोकांना हा दगड विटांसारखा कापताना पाहिलं आणि १८०७ साली त्याला लॅटेराइट असं नाव दिलं. लॅटिनमध्ये ‘लेटर’ म्हणजे वीट. अशा लाल, भोकाभोकांच्या दगडाच्या दीड फूट जाड भिंती. मे महिन्यात बाहेर अंगाची लाही होते तेव्हा माजघरात जमिनीवर पडावं, चादर लागते. ओटीवरचं भांडण स्वयंपाकघरात ऐकू येत नाही, हा तर या घराचा सगळ्यात मोठा गुण. आल्यागेल्याला आम्ही तो कौतुकाने सांगतो.

पण चिरा पाणी पितो. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. आषाढात भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. आणि पाण्याचं या लहरींशी जमत नाही. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, वायफायच्या जुन्या पट्ट्याच्या अगदी आत, आणि तो अन्न तापवतो ते अन्नातल्या पाण्याला ऊर्जा देऊनच. ओली भिंतसुद्धा तशीच थोडं थोडं खाऊन घेते. कोनाड्यातल्या डब्यापासून टीव्हीपर्यंत सरळ रेघ मारली तर मध्ये अशा तीन भिंती. खरं तर साडेतीन, कारण कोनाडा म्हणजे तीन बाजूंनी भिंतच. कंदिलाला वारा लागू नये म्हणून खणलेली ती जागा. त्यात आम्ही असा डबा ठेवला होता ज्याचं काम चहूकडे पसरणं हे आहे.

नवे राउटर ५ गिगाहर्ट्झवरही बोलतात. तो पट्टा वेगवान, पण त्याची लहर सहा सेंटिमीटरची, २.४ वाली साडेबारा. भिंतीतून जायचं तर आखूड लहर आणखी लवकर दमते. पाचचा वेग ओटीवर बसणाऱ्याला. आत जायचं तर त्यातल्या त्यात थोरलीच बरी. आमच्या जुन्या कन्सोलला तसंही फक्त थोरलीशीच बोलता येतं.

आणि तिसऱ्या भिंतीला टेकून माझं पत्र्याचं कपाट. त्याच्यावर पितळेचे डबे, तांब्याचा हंडा, लग्नातली ताटं. दगडातून लहर निदान रडतखडत जाते, पत्र्यावरून ती सरळ माघारी फिरते. मी आणि लेकाने मिळून कपाट दोन हात सरकवलं. मागे अठरा वर्षांचं जळमट, एक हरवलेली बांगडी आणि स्पीड ३ वरून ६.

आता कोनाडा. मी डबा बाहेर काढून खिडकीच्या वरच्या फळीवर ठेवत होते तेव्हा अण्णा जागे झाले.

“काय गो करतंस?”

“ह्येका जरा उंच ठेवतंय, अण्णा. आत रेंज जाणा नाय.”

“टेलिफोन थंयच होतो मां इतकी वर्सां. तेव्हा गेली ना रेंज?”

टेलिफोनला रेंज नव्हती, वायर होती, हे मी बोलले नाही. बोलायला हवं होतं, कारण त्या वाक्यात सगळं उत्तर होतं आणि मला ते सुचायला पुढे आठवडा गेला. फळीवर ठेवल्यावर आकडा ११ झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा परत कोनाड्यात होता. मी पुन्हा फळीवर. असं चार दिवस चाललं. आम्ही दोघांनीही त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

मधल्या काळात एक रिपीटर आणून पाहिला. माजघरात भिंतीच्या प्लगात खोचायचा. साधा रिपीटर एकाच चॅनलवर ऐकतो आणि त्याच चॅनलवर पुढे सांगतो. ऐकताना बोलता येत नाही, बोलताना ऐकता येत नाही. त्यामुळे मिळालेल्यातलं साधारण निम्मंच पुढे जातं. आमच्या वाडीतल्या एका काकींचं नेमकं उलटं आहे, त्यांच्याकडून पुढे जाताना दुप्पट होतं. रिपीटर परत केला.

या सगळ्यात एका जागेची हकीकत कुठेतरी वाचली आणि ती डोक्यातून जाईना. १९७१ साली हवाई विद्यापीठातल्या लोकांनी अलोहानेट नावाचं जाळं सुरू केलं. बेटाबेटांवरचे संगणक, मधे समुद्र, तर त्यांनी रेडिओने जोडले. त्यावरून बोध घेऊन रॉबर्ट मेटकाफने १९७३ मध्ये इथरनेटची कल्पना मांडली, म्हणजे तेच संभाषण, पण तारेतून. म्हणजे तारेने बिनतारीचं पाहून शिकलं. माझी समजूत कायम उलटी होती. हवाईतही माड, लाल माती, समुद्र. तिथे दोन बेटांमधली खाडी ओलांडता आली आणि मला ओटी ते बाळंतिणीची खोली जमेना. कारण उघडं पाणी वरून ओलांडायचं असतं, आणि माझं पाणी भिंतीत मुरलेलं होतं.

तेव्हा तार. कुडाळच्या बाजारातून वीस मीटर लॅन केबल आणली. शंभर मीटरपर्यंत तिची काही तक्रार नसते. प्रश्न होता चिऱ्याला भोक पाडण्याचा, आणि अण्णा हयात असताना ते या घरात होणार नव्हतं. मी बराच वेळ खाली उभी राहून वर पाहत होते. तेवढ्यात ओटीच्या भिंतीच्या माथ्यावरून आमची मांजर शांतपणे माजघराच्या भिंतीवर गेली, तिथून पलीकडे उतरली. कौलारू घरात आतल्या भिंती कौलांना भिडत नाहीत, वर हातभर फट असते. धूर जायला, वारा खेळायला, आणि मांजराला. इतके दिवस जे काही ३ एमबीपीएस आत पोचत होते तेही बहुधा मांजराच्याच वाटेने येत असावेत.

लेक शिडीवर, मी खाली केबल सोडायला. एक दुपार गेली. खिळे न ठोकता सुंभाने वाशांना बांधत बांधत तार आत आणली. कन्सोलला लावली. ३८.

लेकाने गेम किती वेळात उतरवला आणि त्यात कोण कुणाला मारतं, ते मला विचारू नका. मी त्याच तारेला माजघरात एक छोटा स्विच आणि पुतण्याचाच जुना राउटर लावून घेतला, ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे तारेतून आलेलं तिथून हवेत सोडायला. आता स्वयंपाकघरात पूर्ण रेंज आहे. आमचे हे मुंबईला असतात, रात्री नऊला फोन येतो. तीन वर्षं तो व्हिडिओ कॉल मी ओटीवर, कोनाड्यापाशी उभी राहून घेत होते. चार हातांवर आरामखुर्ची. अण्णा डोळे मिटून. तीन वर्षांत आमच्या नवराबायकोच्या बोलण्यात भाताचा तरवा, काजूचा दर आणि अण्णांच्या गोळ्या यापलीकडे विषय आला नव्हता. आता मी भाकऱ्या थापत बोलते. परवा आम्ही चक्क भांडलो. ओटीवर ऐकू गेलं नाही.

डबा फळीवर की कोनाड्यात हा प्रश्नही मिटला, तारेला कोनाडा चालतो. अण्णांनी तो स्वतः परत तिथे ठेवला आणि वर क्रोशाचं झाकण घातलं.

चतुर्थीला आठ दिवस राहिले असताना ते दुपारचे माजघरात आले. सहसा येत नाहीत. मान वर करून वाशाखालून गेलेली तार या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मला वाटलं, आता निघणार ही.

“ह्या वाशाक आमी माटवी बांधतों,” म्हणाले. माटवी म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट. “ही वायर मदी येता. दोन हात वर घेवक् होयी.”

लेक शाळेत होता. मी पदर खोचून शिडीवर चढले. शिडी अण्णांनी धरली.