तुम्ही विचारलंत म्हणून: पहिली भूल कोणी दिली?

१६ ऑक्टोबर जवळ आला की हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. तो भूलतज्ज्ञांचा दिवस. नवे रेसिडेंट डॉक्टर विचारतात, शाळेत बोलायला गेले तर मुलं विचारतात, आणि एकदा तर ऑपरेशन टेबलावर झोपलेल्या एका आजोबांनी विचारलं होतं. त्यांची भीती मला कळत होती. "मॅडम, ही भूल पहिल्यांदा कोणी दिली हो?" मी तेव्हा घाईत म्हणाले, "मॉर्टनने. बॉस्टनला." आणि सुई टोचली.

ते उत्तर अपुरं होतं. आता निवृत्त झाले आहे, वेळ आहे, म्हणून नीट सांगते.

बॉस्टनची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. १६ ऑक्टोबर १८४६, मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल, विल्यम मॉर्टन नावाचा दंतवैद्य, त्याच्या हातात ईथरचं, म्हणजे हुंगलं की शुद्ध हरपते अशा द्रवाचं, काचेचं उपकरण. सर्जन वॉरनने गिल्बर्ट ॲबट नावाच्या तरुणाच्या मानेवरची गाठ काढली आणि भरल्या सभागृहाने ते पाहिलं. आपला दिवस त्यावरून ठरला. त्याही आधी, १८०४ मध्ये, जपानात हानाओका सेइशूने पोटात औषध देऊन बाईच्या स्तनाचा कर्करोग काढला होता. पण ईथर हुंगवून शस्त्रक्रिया करण्याची गोष्ट धरली, तर बॉस्टनच्या साडेचार वर्षं आधी अमेरिकेच्या दक्षिणेत, जॉर्जिया राज्यात, जेफरसन नावाच्या लहानशा गावात क्रॉफर्ड लाँग या डॉक्टरने ती केली होती. तेव्हा तो २६ वर्षांचा होता. आणि हे आपल्याला कळतं ते केवळ त्याच्या कागदांमुळे.

माझी मुलगी अटलांट्याला असते. तिच्याकडे गेले की जेफरसन गाडीने तासाभरावर आहे. तिथे लाँगच्या नावाचं संग्रहालय आहे. पहिल्यांदा गेले तेव्हा पुतळे आणि फोटो पाहून परत येऊ असं वाटलं होतं. मग हिशेबाच्या वहीची गोष्ट कळली आणि मी तिथेच अडकले.

दक्षिणेतल्या त्या काळच्या डॉक्टरचे कागद म्हणजे काय असतं? फार थोडं वैद्यक आणि खूपसा हिशेब. कोणाकडे गेलो, किती मैल घोडा दौडवला, कॅलोमेल दिलं की क्विनीन, दात उपटला की रक्त काढलं, बाळंतपण केलं, आणि पुढे डॉलर-सेंट. कित्येकदा पैसे मिळत नसत, मका किंवा मांस मिळे. आपल्याकडच्या जुन्या डॉक्टरांच्या वह्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना हे परकं वाटणार नाही. लाँगच्या वहीत जेम्स वेनेबल नावाच्या पेशंटच्या नावावर ३० मार्च १८४२ची ओळ आहे: ईथर आणि गाठ काढणे, २ डॉलर. बस. मानवजातीच्या वेदनेच्या इतिहासातली इतकी मोठी घटना, आणि ती उधारीच्या रकान्यात आहे. मला यातच तिचा खरेपणा दिसतो. पुढे कधी दावा सांगायचा म्हणून कोणी २ डॉलरची उधारी लिहून ठेवत नाही.

ईथर त्याच्याकडे आलं कसं, तेही कागदच सांगतात. त्या काळी तरुण मुलं-मुली जमून गंमत म्हणून ईथर हुंगत. जॉर्जियातल्याच ॲथेन्सच्या एका मित्राला लाँगने लिहिलेलं पत्र आहे: माझ्याकडचं ईथर संपलंय, उद्या रात्रीपर्यंत पाठव, इथल्या मुलींना ते पाहायचंय, आणि त्यांच्यासमोर हुंगून दोन-चार गोड मुके मिळाले तर मला त्याहून मोठा आनंद नाही. सव्वीस वर्षांच्या मुलाचं पत्र आहे ते. पण या मुलाचं लक्ष भलतीकडे होतं. हुंगून झाल्यावर अंगावर खरचटलेलं, काळंनिळं झालेलं दिसायचं आणि ते कधी लागलं हे कोणालाच आठवायचं नाही. असं इतरांनीही पाहिलं असणार. त्याने मात्र त्यावर विचार केला.

वेनेबलच्या मानेवर दोन गाठी होत्या. कापण्याच्या भीतीने तो पुढे ढकलत होता. ईथर हुंगण्याची त्याला सवय होतीच. लाँगने टॉवेलवर ईथर ओतून त्याला दिलं, शस्त्रक्रिया चालू असतानाही ते हुंगवत ठेवलं, आणि अर्ध्या इंचाची गाठ काढली. झालं, असं सांगितल्यावर वेनेबलचा विश्वास बसेना. गाठ दाखवली तेव्हा बसला.

हे वाचताना माझ्या अंगावर काटा येतो, कारण हा क्षण मी हजारो वेळा जगले आहे. भूल उतरताना पेशंट पहिलं काय बोलतो? "झालं?" नाशिकला काम करताना ऐकलेला तो शब्द माझ्या कानातून अजून गेलेला नाही. "झालं का हो मॅडम?" आणि मी म्हणायची, "झालं." ईथरही मी दिलेलं आहे. सुरुवातीच्या वर्षांत आम्ही तालुक्याच्या गावी शिबिरांना जायचो, तेव्हा तारेच्या मास्कवर गॉजच्या घड्या ठेवून थेंब थेंब ईथर टाकायचं. पेशंट आधी खोकतो, मग हातपाय झाडतो, मग श्वास एका लयीत येतो. ती लय आली की सर्जनला मान हलवून खूण करायची. घरी गेल्यावर केसांतला वास दोन दोन दिवस जायचा नाही. म्हणून टॉवेलचा उल्लेख मी नुसता वाचून पुढे जाऊ शकत नाही. ईथर किती ओतलं, नाडी कोण पाहत होतं, तो खोकला का, हे सगळं मला त्या माणसाला विचारायचं आहे.

पुढचं थोडक्यात. ६ जूनला वेनेबलची दुसरी गाठ काढली. मग लाँग गप्प बसला. सात वर्षं त्याने काही छापलं नाही. दरम्यान बॉस्टनची बातमी जगभर गेली, मॉर्टनने पेटंट घेतलं, ईथरला रंग-वास लावून 'लेथिऑन' असं नाव दिलं, आणि श्रेयासाठी मॉर्टन, ईथर आपणच सुचवलं म्हणणारा रसायनतज्ज्ञ जॅक्सन आणि त्याआधी हसवणारा वायू वापरून पाहिलेला दंतवैद्य वेल्स यांच्यात जे भांडण पेटलं त्यात कोणाचंच भलं झालं नाही. वेल्सने १८४८ मध्ये जीव दिला. लाँगचा लेख डिसेंबर १८४९ मध्ये दक्षिणेतल्याच एका वैद्यकीय मासिकात आला. उशीर का झाला, तर त्याचं म्हणणं असं की खेड्यात शस्त्रक्रिया कमी, आणि त्या वेळी संमोहनाचा बोलबाला होता. वेदना ईथरने गेली की पेशंटच्या मनाने घालवली, याची त्याला खात्री करायची होती.

मला हा माणूस आवडतो तो यासाठी. त्याने स्वतःवर शंका घेतली. ज्याला विज्ञान म्हणतात ते हेच. मात्र या शंकेचं निरसन त्याने कसं केलं, ते सांगायला हवं, आणि दर १६ ऑक्टोबरला नेमकं हेच राहून जातं.

दावा सिद्ध करायचा म्हणून लाँगने प्रतिज्ञापत्रं गोळा केली. वेनेबलने स्वतः शपथेवर लिहून दिलं. शस्त्रक्रियेच्या वेळी हजर असलेल्या तरुणांनी लिहून दिलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या शेवटी उत्तरेचं सैन्य ॲथेन्सजवळ आलं तेव्हा हे कागद काचेच्या बरणीत घालून दडवले, अशी त्याच्या घरच्यांची आठवण आहे. इतका जीव त्या कागदांत होता. पुढे १८७७ मध्ये त्याच्या बाजूने मोठा लेख लिहिला तो जे. मॅरियन सिम्स या नामवंत स्त्रीरोगतज्ज्ञाने, आणि मग देशभर लाँगचं नाव झालं.

सिम्सचं नाव आलं की मला थांबावंच लागतं. हा तोच सिम्स, ज्याने १८४५ ते १८४९ या काळात अलाबामातल्या माँटगोमेरीत गुलाम बायकांवर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया केल्या. बाळंतपणात मूत्राशय फाटून सतत लघवी गळत राहणाऱ्या त्या बायका. अनार्का, बेट्सी, लूसी. एकट्या अनार्कावर तीसएक वेळा. भूल न देता. त्यातली निम्मी वर्षं अशी की ईथरची बातमी सगळ्या देशाला कळली होती. भुलीचं श्रेय कोणाचं, हे त्याच माणसाने जगाला बजावून सांगितलं. स्त्रीरोगाची पुस्तकं वाचताना त्याच्या नावाचं तपासणीचं उपकरण, पेशंटला झोपवायची त्याच्या नावाची पोझिशन मी पाठ केली होती. त्या तिघींची नावं मला पन्नाशीनंतर कळली. त्याचा राग मला आजही येतो.

तर लाँगच्या लेखाकडे परत येते. वेनेबल हा पहिला आणि दुसरा पेशंट. तिसरी नोंद ३ जुलै १८४२ची: एक काळा मुलगा, जेफरसनपासून नऊ मैलांवर राहणाऱ्या मिसेस हेम्फिलच्या मालकीचा. पायाचं बोट खराब झालेलं, ते काढलं, वेदनेची खूण दिसली नाही. मालकिणीचं आडनाव लेखात आहे, अंतर आहे. मुलाचं नाव नाही. आणि 'मुलगा' म्हणजे किती वर्षांचा, तेही धरून चालू नका, कारण तिथे गुलाम असलेल्या पोक्त पुरुषालाही तोच शब्द वापरत. हिशेबाच्या वह्यांतही हेच: बिल मालक देणार, म्हणून ओळ मालकाच्या नावाची. लाँगच्या स्वतःच्या घरीही गुलाम होते.

इथे मी माझ्याबद्दलही बोलले पाहिजे. आमच्या शिबिरांच्या रजिस्टरमध्ये मीही बाईचं नाव न लिहिता 'अमक्याची पत्नी' असं लिहिलेलं आहे. घाई असायची, लाईन मोठी असायची, आणि सोबत आलेला नवरा नाव सांगायचा ते स्वतःचंच. गुलामगिरीशी याची तुलना मी करत नाही, ती होऊच शकत नाही. पण लेखणी आपोआप कोणाकडे वळते, हे मला माझ्या हातावरून ठाऊक आहे.

आता मनाच्या शंकेचा भाग. लाँग लिहितो की, काही महिन्यांनी त्याला अशा दोन केसेस मिळाल्या ज्यांत ईथरची नीट कसोटी घेता आली. एका पेशंटच्या तीन गाठी एकाच दिवशी काढल्या. त्यातली फक्त मधली ईथर देऊन. ती दुखली नाही, बाकीच्या दोन फार दुखल्या. दुसऱ्या केसमध्ये एका काळ्या मुलाची दोन बोटं कापायची होती. एक बोट ईथर देऊन कापलं, दुसरं न देता. एकाच्या वेळी तो बेशुद्ध होता, दुसऱ्याच्या वेळी त्याने वेदना सोसली.

संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर हा त्या लेखातला सगळ्यात भक्कम पुरावा. माणूस तोच, डॉक्टर तोच, हात तोच, फरक फक्त ईथरचा. वेनेबलचं प्रतिज्ञापत्र याच्यापुढे फिकं आहे, कारण वेनेबलला ईथरची आवड होती आणि त्याचं मन ईथरला अनुकूल होतं. पण प्रतिज्ञापत्र वेनेबलचं आहे. या मुलाचं नाही. जॉर्जियात गोऱ्या माणसाच्या प्रकरणात गुलामाची साक्ष कायद्याने चालतच नव्हती. त्याची बोटं पुरावा म्हणून चालली.

लाँग क्रूर होता असं मला म्हणायचं नाही. तीन गाठींच्या पेशंटलाही त्याने दोनदा सोसायला लावलंच. पण 'नको' म्हणता येणारा पेशंट आणि 'नको' म्हणता न येणारा पेशंट, यांतला फरक भूल देणाऱ्याला कळलाच पाहिजे. संमतीपत्रावर सही घेताना मी नेहमी पेशंटच्या डोळ्यांकडे पाहत आले. सोबत आलेला माणूस म्हणतो, "करा हो, आमची काही हरकत नाही," आणि पेशंट गप्प असतो. अशा वेळी मी सगळ्यांना बाहेर काढून पुन्हा विचारलं आहे.

म्हणून आता कोणी विचारलं की सांगते: ईथरची पहिली भूल लाँगने, ३० मार्च १८४२ला, जेफरसनला. आणि मग त्या दोन बोटांचंही सांगते. रेसिडेंट मुलं विचारतात की ईथर कोणत्या बोटाला दिलं, पहिल्या की दुसऱ्या. लेखात तो क्रम दिलेला नाही. पहिलं बोट शुद्धीत कापलं असेल, तर दुसऱ्याच्या वेळी टॉवेल तोंडाशी आल्यावर त्याने तो ढकलला असेल की ओढून घेतला असेल? आणि पहिलं भुलीत गेलं असेल, तर तो जागा होत असताना त्यानेही तेच विचारलं असणार, जे सगळेच विचारतात. झालं? तेव्हा त्याचं दुसरं बोट अजून कापायचं राहिलं होतं.