गुडघे

सकाळी चहा ठेवला आणि दादाचा व्हिडिओ आला. आई, अनवाणी, सलवार पोटरीपर्यंत दुमडलेली, वाळूच्या टेकडीवर चढतेय आणि हसतेय. चार वेळा पाहिला. चहा उतू गेला.

ही तीच आई जिला पांडवलेणीला चल म्हटलं की गुडघे आठवतात. तिचा गुडघ्याचा पट्टा अजून दारामागच्या खिळ्याला लटकतोय, न्यायचा विसरली, आणि मी इथे वेड्यासारखी कुरियरवाल्याला भाव विचारत होते.

ते कोलोरॅडोतलं ग्रेट सँड ड्यून्स. दुपारी कामं सोडून तेच वाचत बसले. आपल्या कळसूबाईचं टोक १६४६ मीटरवर, आणि इथे टेकड्यांचा पायथाच साधारण २५०० मीटरवर. सगळ्यात उंच टेकडी पायथ्यापासून जवळपास २२५ मीटर, अख्ख्या उत्तर अमेरिकेत त्याहून उंच नाही. उन्हाळ्यात दुपारी वाळू ६५ डिग्रीपर्यंत तापते म्हणे, म्हणजे दादाने संध्याकाळी नेलं असणार, तेवढी अक्कल आहे त्याला. एक वारा वाळू डोंगराकडे ढकलतो, वादळात उलटा वारा तीच परत लोटतो, म्हणून त्या टेकड्या उंच होत जातात, आणि डोंगराकडे निसटलेली वाळू मेडानो नावाचा ओढा बर्फाच्या पाण्यासोबत वळसा घालून परत आणून टाकतो.

दुसऱ्या व्हिडिओत आई त्याच ओढ्यात. पाण्याखाली वाळूचे बारके बांध तयार होतात, फुटले की लाट येते, वीसेक सेकंदांनी एक. आई लाटा मोजतेय!! रामकुंडावर ही बाई पाय ओला करत नाही, शेवाळ असतं म्हणून.

मला राग नक्की कशाचा आलाय? ती बरी आहे याचा? छे. पण तेल चोळायला मी, डॉक्टरकडे नंबर लावायला मी, आणि दादाकडे गेली की... जाऊ दे.

रात्री फोन केला. "गुडघे कसे आहेत?" एवढंच विचारलं, आवाज जरा चढलाच असेल.

"अगं वाळू मऊ असते, दोन पावलं वर गेलं की एक खाली येतं, मला कुठे घाई होती?"

मग मलाच सांगत बसली की तिथे एक किडा आहे, जगात फक्त तिथेच सापडतो. तिला दिसला नाही, पण दिसला असं शेजारच्या काकूंना कळवून झालंय. इथे मला हसू फुटलं.

"आलीस की पांडवलेणीला जायचं हं आता."

"बघू. तिथे दगडी पायऱ्या आहेत गं."